छत्तिसावा दिवस

आज २६ जून. सकाळपासून शहरात शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतील, सरकारी कार्यालयांत व्यसनमुक्तीची शपथ घेतली जाईल, पकडलेल्या मालाचे आकडे जाहीर होतील. याच तारखेला राजर्षी शाहू महाराजांची जयंती येते आणि महाराष्ट्र ती सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८७ मध्ये अमली पदार्थविरोधी दिनासाठी ही तारीख ठरवली, तेव्हा कोल्हापूरच्या या राजाचा जन्मदिवस तिथे कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तरीही हा योग आम्हाला मोलाचा वाटतो. आपल्या देशात नशेचा माल पकडणे हे गृह खात्याचे काम, पण नशेत अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे हे सामाजिक न्याय खात्याच्या पदरात टाकलेले आहे. म्हणजे व्यसनी माणूस न्यायाचा हक्कदार आहे, हे निदान कागदावर तरी आपण मान्य केले आहे. तो कागद ज्यांच्या जिवावर खरा ठरतो त्या माणसांबद्दल आज बोलायचे आहे. त्यांची फेरी निघत नाही आणि त्यांचा सत्कारही सहसा होत नाही.

सुरुवात एका खुर्चीपासून करू. गेल्या हिवाळ्यात दारूतून बाहेर पडलेल्यांच्या एका खुल्या बैठकीला आम्हाला बसू दिले. खुली म्हणजे बाहेरच्यांनाही येता येईल अशी. एरवीच्या बैठका फक्त आपल्या माणसांच्या असतात. नाशिकमधल्या एका शाळेचा वर्ग, संध्याकाळचे सात. फळ्यावर दुपारच्या तासाची बेरीज अर्धवट पुसलेली. बैठक चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, एकोणीस वर्षे दारूपासून लांब. त्यांनी खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, मग एक उचलून दाराला चिकटून ठेवली आणि तिच्यावर कुणाला बसू देईनात. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "नवा माणूस उशिराच येतो. खाली टपरीपाशी अर्धा तास घुटमळतो, मग जिना चढतो. पुढचीच खुर्ची रिकामी दिसली तर दारातून परत फिरतो. ही दिसली की टेकतो." साडेसातला तिशीतला एक मुलगा आला आणि त्याच खुर्चीच्या कडेवर टेकला. कुणी मान वळवली नाही. चहा आला. त्याच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. शेजारच्याने बोलता बोलता ती बशी काढून घेतली, कपातला अर्धा चहा आपल्या कपात ओतला आणि कप पुन्हा त्याच्या हातात दिला. आता कितीही हात हलला तरी चहा सांडणार नव्हता.

हे सुचायला स्वतःचा हात कधीतरी असा थरथरलेला असावा लागतो.

व्यसनमुक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळाची खाट, सलाईन, पांढरा डगला येतो. ते सगळे लागते, आणि वेळेवर लागते. रोज पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की दोन-तीन दिवसांत त्याला भ्रम होऊ शकतात, फेफरे येऊ शकते, क्वचित जीवही जातो. "सोड म्हणजे सोड" असे म्हणून कोंडून घालणाऱ्या घरांना हे ठाऊक नसते. सकाळी उठल्या उठल्या लागणारा 'उतारा' हा त्याचा हट्ट असतो असे घरच्यांना वाटते. वास्तविक ते शरीराने मागितलेले औषध झालेले असते. पण शरीरातून दारू निघून जायला आठवडा-दहा दिवस पुरतात. माणसाच्या दिवसातून ती निघायला वर्षे जातात आणि तेवढी वर्षे कुठलाही डॉक्टर उशाशी बसू शकत नाही. तिथून पुढे समुपदेशक लागतो, पूर्वी स्वतः पिणारा आणि आता न पिणारा सोबती लागतो, घरातले कुणीतरी खंबीर लागते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी १९३५ साली दारूने पार खचून नुकताच सावरलेला एक शेअर दलाल दारूतच अडकलेल्या एका शल्यचिकित्सकाला भेटला. दोघांना उमगले ते एवढेच, की दुसऱ्याला सावरताना आपण सावरलेले राहतो. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जूनला, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आपला जन्मदिवस तोच धरते. आज जगभर तिच्या बैठका चालतात. त्यांना फी नाही, आडनाव विचारणे नाही. नाशकातल्या त्या शाळेच्या वर्गापर्यंत तीच रीत पोहोचलेली आहे.

महाराष्ट्राने या कामाला आपली भाषा दिली ती पुण्यात. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत 'गर्द', म्हणजे ब्राउन शुगर, शिरली. लेखक-पत्रकार अनिल अवचट तिच्या आहारी गेलेल्या पोरांमध्ये जाऊन बसले आणि त्यावर लिहीत राहिले. ते वाचून सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाने एक लाख रुपये देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या, अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी ही जबाबदारी अंगावर घेतली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखमालेतून उभे राहिलेले इस्पितळ ही मराठी पत्रकारितेच्या अभिमानाची गोष्ट आहे आणि ती आम्ही अभिमानानेच सांगतो. पण अनिताताईंचे खरे धाडस पुढचे. काल ज्याने घरातली भांडी विकून पुडी घेतली, त्याच्याच हाती त्यांनी बरे झाल्यावर नव्या रुग्णांचा वॉर्ड दिला. रुग्ण हा शब्दही तिथे 'मित्र' झाला. कर्करोगाने १९९७ मध्ये त्या गेल्या; त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आणि तिथेच बरे होऊन तिथेच कामाला लागलेली माणसे ते काम पुढे चालवत आहेत. मानसोपचारासारख्या पदवीप्रधान शास्त्रात अनुभवाला पदवीच्या शेजारी खुर्ची देणे १९८६ मध्ये सोपे नव्हते. आजही अनेक ठिकाणी ती खुर्ची मागच्याच रांगेत असते.

मुक्तांगणसारख्या केंद्रात साधारण पस्तीस दिवस राहावे लागते. आमचा विषय छत्तिसाव्या दिवसाचा आहे. त्या दिवशी माणूस पुण्याच्या गाडीने येऊन नाशिकच्या द्वारका चौकात उतरतो. पिशवीत गोळ्या, एक वही आणि दोन फोन नंबर. घरी जायच्या रस्त्यावर त्याला ओळखणारी किमान दोन दुकाने आहेत. कामावर हजेरी बंद झालेली असते. बायको आनंदात आहे आणि घाबरलेलीही. खिसे तपासावेत की नाही हे तिला कळत नाही. शेजारी विचारतो, "काय, जाऊन आलास म्हणे?" रात्री झोप लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे बरोबर असते, पण ते सांगणारे डॉक्टर दोनशे किलोमीटरवर असतात. त्या रात्री अकरा वाजता तो ज्याला फोन करू शकतो, आणि जो फोन उचलतो, त्या माणसावर पुढचे सगळे अवलंबून असते.

वैद्यकशास्त्र सांगते की उपचार घेतलेल्यांपैकी चाळीस ते साठ टक्के लोक पुन्हा कधीतरी घसरतात. रक्तदाब आणि दमा या आजारांतही पथ्य मोडण्याचे आणि त्रास उलटण्याचे प्रमाण जवळपास असेच असते. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण कुणाला नालायक ठरवत नाही. इथे मात्र एक 'स्लिप' झाली की गाव निकाल देऊन मोकळे होते: "बघा, कुत्र्याचं शेपूट." समुपदेशकाचे अर्धे आयुष्य या एका वाक्याशी झगडण्यात जाते. घसरलेल्या माणसाला लाज इतकी वाटते, की तो केंद्राचा फोनच उचलत नाही. मग त्याच्या दारी जावे लागते, बाहेर उभे राहून वाट पाहावी लागते, आणि दार उघडल्यावर पहिला प्रश्न "किती घेतलीस?" असा न विचारता "जेवलास का?" असा विचारावा लागतो. या कामात ज्यांनी वर्षे घातली त्यांचे पंचांगच वेगळे झालेले असते. पगाराचा दिवस, उधारी वसूल होण्याचा दिवस, लग्नाच्या तिथी, रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडते तो दिवस, ३१ डिसेंबर. या दिवशी ते आधीच फोन करतात, भेट ठरवून टाकतात, माणसाला संध्याकाळभर कुठेतरी गुंतवून ठेवतात.

आणि आषाढी अमावास्या. थोड्याच दिवसांत ती येईल. दिव्यांची पूजा करायच्या त्या दिवसाला आपण 'गटारी' केले आणि वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी, आता मोबाइलवरच्या विनोदांनी ती साजरी करायला लावली. आमच्या धंद्याचाही त्यात वाटा आहे, हे इथे स्वच्छ सांगायला हवे. ज्याने नव्वद दिवस मोठ्या निकराने ओढून आणले आहेत, त्याला त्या आठवड्यात शंभर ठिकाणांहून गटारीचे निमंत्रण मिळते. निदान छापील पानावरून ते यंदा जाऊ नये.

नाशिकबद्दल थोडे नेमके बोलले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना सापडला. मुंबई पोलिसांनी त्या तपासात पकडलेल्या मालाची किंमत तीनशे कोटींच्या घरात सांगितली आणि नाशिकचे नाव देशभर झाले. पुढे कित्येक आठवडे शहरात दुसरा विषय नव्हता. मोर्चे निघाले, शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने झाली, पालक हादरले. ते सगळे योग्यच होते. पण त्या आठवड्यांत एका समुपदेशकाने आम्हाला सांगितले ते विसरता येत नाही. ते म्हणाले, "कारखाना पकडला त्या रात्री माल थांबला. ज्यांना तो रोज लागत होता ती पोरं कुठं गेली, हे कुणी विचारलं का?" आम्हीही विचारले नव्हते. छाप्याचे छायाचित्र पहिल्या पानावर होते. तुटवड्याने तळमळणारी पोरे कुठल्याच पानावर नव्हती. मेफेड्रोन, म्हणजे रस्त्यावरचे एमडी, भारतात २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. त्याची ओढ मारणारी मान्यताप्राप्त गोळी अजून निघालेली नाही. अफूच्या कुळातल्या नशेला ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूला नाल्ट्रेक्सोन आणि इतर औषधे आहेत. एमडीच्या पोरासाठी मुख्य औषध म्हणजे त्याच्यासमोर बसणारा शिकलेला, सहनशील माणूस. अशी माणसे जिल्ह्यात किती आहेत, आणि असायला किती हवीत, हा हिशेब छाप्याच्या बातमीइतकाच मोठ्या अक्षरांत मांडायला हवा होता.

मालेगावची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नशा औषधाच्या दुकानातून येते. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या पोरांमध्ये 'कुत्ता गोळी' हे नाव सर्वतोमुखी आहे. ती असते अल्प्राझोलाम, अस्वस्थता आणि झोपेसाठी डॉक्टरने मोजून लिहून द्यायची गोळी. जोडीला खोकल्याचे कोडीनयुक्त औषध. ही गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. म्हणजे इथल्या कार्यकर्त्याला औषधाचेही भान हवे, उर्दू आणि मराठी दोन्हीत बोलता यायला हवे, आणि मागाच्या पाळीच्या वेळा माहीत हव्यात, कारण दुपारी बाराला बोलावलेला मुलगा तेव्हा झोपलेला असतो. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या छाटणीला उतरणाऱ्या मजुरांमध्ये काम करायचे तर याहून निराळे शहाणपण लागते. उक्त्या कामाचा हिशेब टोळीला एकगठ्ठा मिळतो आणि बाजाराच्या दिवशीच मिळतो. ते पैसे जोडप्याने दोघांनी मिळून घ्यावेत, एवढी एक गोष्ट बागाईतदाराशी बोलून घडवून आणली तरी महिन्याचे निम्मे भांडण टळते. हे कुठल्याही पत्रकात सापडत नाही.

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा जिल्हा वाइनवर उभ्या असलेल्या कितीतरी कुटुंबांचाही आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, बागांना गिऱ्हाईक मिळाले, पर्यटन वाढले. त्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात आम्हाला रस नाही. पण एक तारीख मनातून जात नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी सकाळी अनिल अवचट गेले, आणि त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. त्या साऱ्या वादात, दारू सोडून तीन महिने झालेला माणूस किराणा घ्यायला कुठे जाईल, हा प्रश्न फारच थोड्यांनी मांडला. जो मांडायचा तो याच कामातल्या लोकांनी मांडला. वाइन उद्योगाचा आम्ही द्वेष करत नाही, पण ज्या जिल्ह्याला बाटलीतून पैसा मिळतो त्या जिल्ह्याने बाटलीत बुडालेल्यांसाठी पहिला हात खिशात घालावा, हे आमचे ठाम मत आहे. मद्यावरच्या करातला एक ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्यातल्या उपचारांसाठी आणि पाठपुराव्यासाठी बांधून ठेवण्यात अवघड काही नाही.

गरज किती मोठी आहे? केंद्र सरकारने एम्सकडून देशव्यापी पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि पाच कोटींहून अधिक लोकांना तिच्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळणारा एकशे ऐंशींत एक. उरलेल्यांच्या घरी काय चालते? त्यांच्या घरी भिंतीवरची जाहिरात पोहोचते. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' एसटी स्थानकाच्या आवारात, रेल्वेच्या कुंपणावर हे रंगवलेले असते. कंटाळलेली आई ती पूड चहात कालवते. काही पुड्यांत नुसती माती, काहींत मात्र डायसल्फिराम. आणि ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस मरूही शकतो. ते औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. याच्या पुढची पायरी म्हणजे शेतातल्या शेडमध्ये चालणारी 'केंद्रे', जिथे मुलाला गाडीत घालून नेतात, कोंडतात, मारतात आणि घरच्यांकडून महिन्याला पैसे उचलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाला मानसिक आजारांत धरले, अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली, साखळदंडाला बंदी घातली. कायदा आहे. या केंद्रांच्या दारात जाऊन नोंदणीचा कागद मागणारा अधिकारी हवा आहे.

आता या माणसांच्या पोटापाण्याविषयी. अनुदानावर चालणाऱ्या केंद्रातला समुपदेशक अनेकदा समाजकार्यात पदव्युत्तर शिकलेला असतो आणि त्याचे मानधन एखाद्या चांगल्या गवंड्याच्या कमाईच्या खाली असते. तेही अनुदान अडकले की महिनोन्‌महिने लांबते. बरा होऊन काम करणारा सोबती तर बहुतेक ठिकाणी 'स्वयंसेवक' या शब्दाखाली झाकला जातो. त्याने रात्री दोन वाजता कुणाला सिव्हिलला नेले तर रिक्षाचे पैसे तोच देतो. आपण त्याला सेवाभावी म्हणतो आणि तेवढ्यावर फेडून टाकतो. सेवाभाव त्याच्याकडे आहेच, म्हणून तर तो टिकला. पण आशा कार्यकर्तीच्या बाबतीत समाजाने जी चूक केली तीच इथे पुन्हा करू नये. या कामाला पद हवे, प्रशिक्षण हवे आणि वेळेवर पगार हवा. आणि एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही: रोज दुसऱ्यांच्या घसरणीच्या कहाण्या ऐकताना स्वतः बरा झालेला माणूस आतून हलतो. त्याचेही ऐकून घेणारा कुणी अनुभवी माणूस दर आठवड्याला त्याला भेटला पाहिजे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात आहे, मुक्त विद्यापीठही नाशकात आहे. बरे झालेल्यांसाठी सोबतीच्या कामाचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम इथूनच सुरू झाला तर तो राज्याला मिळेल.

गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे लोकांना बरोबर घेऊन दारूमुक्तीची चळवळ केली, १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. बंदी आली म्हणजे व्यसन संपले असे त्यांनी मानले नाही. २०१६ पासून 'मुक्तिपथ' उभा राहिला आणि त्यात गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी यांच्या जोडीला तालुक्यातालुक्यात उपचाराची सोय आली. बंदी हवी की नको यावर मतभेद असू शकतात. पण उपचार तालुक्याच्या गावापर्यंत आला पाहिजे यावर मतभेद कसा असेल? सुरगाण्याच्या माणसाला आठवड्याची गोळी आणि अर्ध्या तासाचे बोलणे यासाठी नाशिकपर्यंतची फेरी घालायला लावणे म्हणजे त्याला नाहीच म्हणणे.

घरातल्या बाईविषयी लिहिल्यावाचून हे पुरे होणार नाही. तिला सगळे सल्ले देतात: सोडून दे, सांभाळून घे, नवस कर. तिचे स्वतःचे काय होते, हे विचारणारी जागा फार उशिरा निर्माण झाली. मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' गट चालतो. अशा गटात बाई प्रथमच मोठ्याने म्हणते की त्याच्या कामावर खोटे फोन मीच केले, "ताप आलाय" असे मीच सांगितले, त्याची उधारी मीच फेडली. ते खोटे बोलणे थांबवायला तिला जे बळ लागते ते तिच्यासारख्याच चार जणींकडून येते. त्या गटाच्या ताईला कुणी तज्ज्ञ म्हणत नाही. आम्ही म्हणू. आणि जी बाई स्वतः पिते किंवा गोळ्या खाते तिच्यासाठी तर सहसा दारच नसते. घर तिला लपवते आणि बहुतेक केंद्रांत पुरुषांच्याच खाटा असतात. या जिल्ह्यात स्त्रियांसाठी वेगळ्या खाटा आणि वेगळ्या समुपदेशक तातडीने हव्यात.

पोलिसांनाही एक विनंती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४ अ हे कलम आहे. अल्प प्रमाणात सापडलेला, स्वतः नशा करणारा माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम पकडलेल्या पोराच्या बापाला ठाऊक नसते आणि बऱ्याचदा त्याच्या वकिलालाही आठवत नाही. ठाण्यात एक समुपदेशक बोलावता आला तर कितीतरी विशीतली पोरे नाशिकरोडच्या तुरुंगाऐवजी उपचाराच्या खाटेवर पोहोचतील. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. बाहेरून हजारो कामगार येत आहेत, पैसा फिरतो आहे, आणि त्याच्यामागे नशाही येईल. घाटांच्या आणि रस्त्यांच्या आराखड्यात या कामासाठी एक ओळ असावी.

नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या कारखानदारांना शेवटची आणि सगळ्यांत साधी गोष्ट सांगायची आहे. पस्तीस दिवसांनी परत आलेल्या माणसाची हजेरी पुन्हा सुरू करा. त्याच्या जागी दुसरा घेतला असेल तर त्याला दुसऱ्या खात्यात घ्या, पण घ्या. पहिले तीन महिने त्याला दर आठवड्याला बैठकीसाठी दोन तास सोडा. एकोणीस वर्षे दारूपासून लांब असलेल्या, बैठक चालवणाऱ्या त्या गृहस्थांना एका फोरमनने असेच सोडले होते; तो फोरमन आज हयात नाही, पण ते अजून दर बैठकीत त्याचे नाव घेतात. आणि नशेतून बाहेर पडण्यासाठी सरकारी मदतीचा क्रमांक १४४४६ आहे, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. हे दोन आकडे आजच्या आज गेटवर, हजेरीच्या यंत्राशेजारी, मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.